उकंडरावचा उजवा पाय

उकंडरावला पोचवायला घाटावर तीस-पस्तीस गाड्या आल्या होत्या. घाटाकडे उतरणारा रस्ता चांगला ढाळाचा आहे, आणि त्या दिवशी वळणावर एक म्हैस आडवी बसली होती. म्हणजे आलेल्या प्रत्येकाला तिथे ब्रेक मारावाच लागला. एकाही गाडीचा ब्रेक वाजला नाही. मी उभा राहून ऐकत होतो. बाकीच्यांपैकी दोघं-तिघं रडत होते आणि उरलेले त्याने आपल्याला कोणकोणत्या शिव्या दिल्या ते एकमेकांना सांगत होते. गर्दी सगळी शिव्या खाल्लेल्यांचीच. ज्याला त्याने शिवी दिली नाही तो त्याचा गिऱ्हाईक नव्हता.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यात चूक मास्तरची होती. हे लिहायला बसलो तर आमच्या घरात सगळे हसले. हसू द्या. उकंडरावबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि त्याच्याबद्दल खोटं लिहिण्याएवढं शिक्षण माझ्याजवळ नाही.

त्याच्याआधीची तीन मुलं वाचली नव्हती. म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. असल्या नावाचा माणूस घाणीत राहील असं तुम्हाला वाटेल. पण नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्याच्या टिनाच्या गॅरेजात जमीन अशी घोटलेली होती की तुम्ही तिच्यावर वरण-भात वाढून घेतला असता. सकाळ-संध्याकाळ फिनाइलने धुवायचा. चपला दाराबाहेर काढायच्या. एकदा एक पोलीसवाला बूट घालून आत आला, तर उकंडराव त्याला म्हणाला, "साहेब, आत यायचं असंन तं जोडे काढा, नाईतं गाडी बाहेरच फेल होऊ द्या." साहेबाने बूट काढले. मोज्याला भोक होतं.

तो फक्त ब्रेकचं काम करायचा. इंजिन, क्लच, एसी, काही सांगा, हात लावायचा नाही. "गाडी चालू कराले सारं नागपूर बसलं आहे. थांबवाले मी एकटा," हे तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा. आणि तो स्वतः कायम अनवाणी. उन्हाळ्यात डांबर वितळतं तेव्हाही अनवाणी. कारण त्याची सगळी विद्या उजव्या पायात होती.

गाडी आली की आधी काही उघडायचं नाही. पाय पुसून आत बसायचा, डोळे मिटायचा आणि उघड्या पायाने पेडल हळूहळू दाबायचा. तबलेवाला कान लावून बसतो तसा. मग तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवून निकाल द्यायचा. "डावं मागचं चाक. ब्रेक ऑइल गळून राहिलं." चाक उघडलं की डावं मागचंच निघायचं. पेडल बरोबर असलं की एकच शब्द, "पत्थर." तो शब्द ऐकायला माणसं लांबून यायची. एका नव्या नवरदेवाला त्याने नुसतं पेडल दाबून विचारलं, "सासुरवाडी घाटावर आहे का गा?" पोरगा चाट पडला. होती. उतारावर ब्रेक दाबून दाबून लायनर, म्हणजे ब्रेकची आतली घासणारी पट्टी, जळून काळा पडला होता. "बायकोले म्हन, सणावाराले इकडंच राहा. नाईतं गेअर खाली टाकाले शिक."

धंतोलीतले एक हाडांचे डॉक्टर त्याच्याकडे नवी मोठी गाडी घेऊन आले होते. त्यांना पुढे मोठ्या डिस्क पाहिजे होत्या, त्याही लाल पकडीच्या. मोबाइलवर फोटो दाखवला. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, ती चिमटी म्हणजे पकड. उकंडरावने फोटो पाहिलाच नाही. खाली बसून टायरवरून अंगठा फिरवला. टायर माझ्या टकलासारखा गुळगुळीत.

"साहेब, गाडी ब्रेकनं थांबत नाई. ब्रेक फक्त चाक थांबवते. गाडी थांबवते टायर. पयले जोडे बदलवा."

"टायर मी नंतर बघीन. मला लाल डिस्क पाहिजे."

"लाल पायजे का? मंग असं सांगा ना." त्याने लाल रंगाचा डबा काढला, चाकाच्या आऱ्यांतून ब्रश घातला आणि पाच मिनिटांत चारही पकडी लाल करून दिल्या. पैसे घेतले रंगाचे. डॉक्टर रागाने गेले. पंधरा दिवसांनी नवे टायर घालून आले आणि म्हणाले, गाडी आता फार छान थांबते, लाल रंगाचा फरक आहे. उकंडराव म्हणाला, "असंन बाप्पा."

मी तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्याची बस चालवली. कामगारांना शिफ्टला नेणं-आणणं. तीस वर्षांत झोपलेला एकही कामगार डोकं आपटून उठला नाही. म्हणून उकंडराव मला नावाने हाक मारत नसे. "डायवर" म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी ती पदवी होती. रिटायर झाल्यावर मी एक जुनी गोल नाकाची पांढरी गाडी घेतली, पूर्वी सरकारी साहेब ज्यात मागे बसून झोपत तसली. पत्रा जाड, बसायला ऐसपैस. दोष एकच. ब्रेक दाबला की ती थांबायची, पण आधी विचार करायची. तिच्या चारही चाकांना डब्यासारखे जुने ड्रम. पूर्वी रस्त्यावर सगळेच विचार करत थांबायचे तेव्हा ठीक होतं. आता पुढची गाडी जागच्या जागी थांबते आणि आपण तिच्या डिकीत.

पोरगा म्हणाला, विकून टाका. मी म्हटलं, तुला विकीन.

उकंडरावकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, पुढं डिस्क बसवून दे. पेन्शन तुले माहीत आहे."

"पेन्शन एवढीशी अन् डिस्क पायजे. नवरदेव आहे का तू?"

"बसवणार का नाई?"

"बसवीन. पण म्या म्हटलं त्या रांगेनं."

त्याची रांग अशी. पहिल्या महिन्यात टायर. दुसऱ्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, कारण जुनं चहासारखं झालं होतं. तिसऱ्यात चारही रबरी नळ्या, कारण त्या दाबल्यावर फुगतात आणि आपला जोर त्या फुग्यातच जातो. मग मागचे लायनर. दर महिन्याला पेन्शन झाली की एक वस्तू. खरं सांगतो, चौथ्या महिन्यापर्यंत गाडी एवढी बरी थांबायला लागली की डिस्कची गरजच उरली नव्हती. तोही तेच म्हणाला. पण मी डिस्क म्हटलं होतं. एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं.

मग आम्ही दोघं भंगार बाजारात गेलो. माझ्याच गाडीची धाकटी बहीण, नंतरच्या सालची, तिथे उलटी पडली होती, आणि तिला पुढे डिस्क होत्या. उकंडरावने त्या नखाने वाजवल्या, कडेची जाडी बोटांत धरून पाहिली, आणि पकडीसकट सोडवून घेतल्या. गॅरेजात आणून पकडींतलं सगळं रबर काढून फेकलं. "भंगारातून लोखंड घ्याचं. रबर अन् पॅड नवे घ्याचे. तिथं पैसा वाचवला तं घाटाचा खर्च वाढते." पकडी खोलल्या, घासल्या, नवं रबर, नवे पॅड, सगळं बसवलं. हे झालं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. चाकं बाहेर काढलेली, गाडी ठोकळ्यांवर, आणि डिस्क अशा चकचकत होत्या की मला माझी टोपी दिसली.

आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो. आमच्याकडे कुऱ्हाड, विळा, वखराची पास, सगळं धुऊन, तेल लावून, हळद-कुंकू वाहून मांडतात. तीस वर्षं मी बसची पूजा केली, नारळ फोडला. उकंडराव असलं काही करत नसे. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "भाऊ, पान्ह्यांची पूजा नाई का करत?"

"पान्ह्याले हळद लावली तं नट जास्त फिरते का?"

"आजच्या दिवशी तरी."

"डायवर, तुले कराची तं तुह्या घरी जाऊन तुह्या विळ्याची कर. माह्या गॅरेजात कुंकू सांडलं तं तुलेच पुसाले लावीन."

दुपारी तो जेवून मागे खाटेवर घोरायला लागला. मी गाडीजवळ गेलो. रात्री पाऊस झाला होता आणि डिस्कवर तांबूस गंज चढायला लागला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नवी वस्तू, पूजा नाही, वर गंज. मी घरून तिळाच्या तेलाची बाटली आणली होती. मनात आलं, तो म्हणेना का काही, गाडी माझी आहे. दोन्ही डिस्कना दोन्ही अंगांनी बोटाने तेल लावलं, लहानपणी विळ्याला लावायचो तसं. कुंकवाचं एक-एक बोट टेकवलं आणि त्याला दिसू नये म्हणून लगेच पुसलं. हात जोडले. मग भल्या माणसासारखा चाकं चढवून नटही आवळून ठेवले. उकंडराव उठला, चढवलेली चाकं पाहिली आणि म्हणाला, "अरे वा, डायवर काम कराले लागला."

तुम्ही म्हणाल, तीस वर्षं बस चालवून एवढं कळत नाही? आमच्या बसचे ब्रेक डब्यात बंद. ब्रेक जिथे धरतो ती जागा मी आयुष्यात उघडी पाहिली नव्हती. ती चकचकणारी थाळी म्हणजेच ती जागा, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. एवढंच. यापेक्षा जास्त कबुली मी देणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्याने पाय पुसला, आत बसला, डोळे मिटले. पेडल दाबलं. जरा जास्तच वेळ दाबून बसला असं मला नंतर आठवलं. मग म्हणाला, "पत्थर."

मी शेजारी बसलो. गॅरेजमागे एक उताराची गल्ली होती आणि तिच्या टोकाला त्याने जुने टायर रचून ठेवले होते. नवा ब्रेक तो तिथेच तपासायचा. गाडी उतरली. अर्ध्यावर त्याने ब्रेक दाबला. मागची चाकं ओढायला लागली, पुढची मात्र लोण्यावरून चालल्यासारखी सरळ सरकत गेली. त्याने दुसऱ्यांदा दाबला, हँडब्रेक ओढला. टायरांच्या ढिगात आमचं गोल नाक घुसलं आणि वरचा एक टायर हळूच घरंगळत येऊन बॉनेटवर बसला.

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. शर्टाला खोचलेली टाचणी काढली आणि अंगठ्याखाली टोचली. रक्ताचा थेंब आला. तो त्या थेंबाकडे दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखा पाहत राहिला.

"चार महिने झाले," तो म्हणाला. "शुगर. बधिर झाला. म्या कोनाले सांगतलं नाई."

मला त्या गाडीत बसल्या बसल्याच कळलं होतं की दोष तेलाचा आहे. पुढच्या चाकातून जळलेल्या तिळाचा वास येत होता. वास त्यालाही आला असता, पण तो पायाकडे पाहत होता. चार महिने ज्याची भीती बाळगली ते झालं अशी त्याची खात्री पटली होती, मग चाक उघडून कोण पाहतो? मी उतरून बॉनेटवरचा टायर खाली ढकलला. त्याच्या गॅरेजात, त्याने नको म्हटलेलं, मी केलं. सांगितलं असतं तर हुडकेश्वरभर पोट्टे मला तेलवाला डायवर म्हणाले असते.

मी गाडी मागे घेत वर आणून आत लावली, त्याने शटर ओढलं आणि कुलूप लावलं. म्हणाला, "झालं. आता दुसरा कोनी पाहून ठेव, मंग गाडी नेजो."

चार दिवस शटर उघडलं नाही. लोक यायचे, कुलूप पाहून परत जायचे. कोजागिरीच्या दिवशी सकाळी माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "तिळाची बाटली कोठं नेली वो तुमी?"

मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कढई गॅसवरून उतरवली आणि म्हणाली, "जा आन् सांगा त्याले. तुमी गेले नाई तं मी जाते, आन् मी त्याच्या बायकोपुढं सांगन."

गेलो. उकंडराव बंद शटरपुढे स्टुलावर बसला होता. पायात जोडे. निळे, जाड, नावेएवढे. धंतोलीच्या त्याच डॉक्टरांकडे त्याच्या बायकोने नेलं होतं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले होते, "उकंडराव, पहिले जोडे." हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि डॉक्टरला एक शिवी दिली. शिवीला जोर नव्हता.

मी उभ्याउभ्या म्हटलं, "डिस्कले म्या तेल लावलं होतं."

"कायचं तेल?"

"तिळाचं. पूजा केली. गंजही चढून राहिला होता."

 मग त्याचे खांदे हलायला लागले. हसून हसून खर्रा घशात गेला, खोकला लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या तर हात झटकला. "डिस्कले तेल! तीस वर्षं कामगार नेले यानं! कोनी तक्रार कशी नाई केली गा तुही? आन् मी इथं माह्या पायाले शिव्या देऊन राहिलो!"

"तेच सांगतो ना. पेडल खरंच कडक होतं. पाय बरोबर बोलला तुहा. उघड शटर."

तो हसायचा थांबला. डोळे पुसले.

"नाई गा डायवर. पाय काईच बोलला नाई. पत्थर म्हनाची आदत, म्हनून म्या म्हटलं. तू तेल नसतं लावलं तं म्या दिवाळीपर्यंत असंच पत्थर पत्थर म्हनत गेलो असतो. मंग एखांद्याचं पेडल खरंच पोकळ असतं अन् तो माह्या शब्दावर पोरं घेऊन घाट उतरला असता."

मी जाऊन शटरचं कुलूप हातात धरलं. 

तो उठला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे फेकली. "उघड. कंबर दुखते माही. पॅड गेले तुहे, तेल प्यायलेला पॅड कामाचा नाई. नवे घेऊन ये. आन् तुह्या पैशानं."

दुपारपर्यंत मी पॅड आणले. त्याने डिस्क साबणाने धुतल्या, नवे पॅड बसवले, आणि नळ्यांतली हवा काढायला सगळं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची चावी उघडून हवा सोडायची. चाळीस वर्षं पेडलवर त्याचा पाय. मी चाकाजवळ पान्हा घेऊन बसलो आणि वाट पाहत होतो. तो काही सीटवर बसेना. मग दार उघडून आडवा झाला, डोकं स्टिअरिंगच्या खाली घातलं, आणि तोंड पायपुसणीत दाबून दोन्ही तळहात पेडलवर ठेवले. दाराबाहेर ते निळे जोडे हवेत.

"दाबलं! सोड हवा! ... बंद कर! बंद म्हटलं ना बे, झोपला का?"

तासभर हे चाललं. चारही चाकं. बाहेर निघाला तेव्हा तोंड लालबुंद, कपाळावर पायपुसणीचे ठसे. तळहात चोळत होता.

"काय म्हनते हात?" मी विचारलं.

"हात नवा आहे. शिकंन."

त्याने मला सीटवर बसवलं आणि पेडल दाबायला लावलं. मी दाबलं. काय वाटते ते सांग म्हणाला. मी म्हटलं, अर्धा इंच खाली जाते, मग जागीच थांबते. त्याने वाकून स्वतः पुन्हा हाताने दाबलं, आणि मान हलवली. पहिल्यांदाच त्याने कुणाचं तरी ऐकून मग तपासलं होतं, आणि आमचं दोघांचं जमलं होतं. मला बरं वाटलं, पण मी तसं काही दाखवलं नाही.

गल्लीच्या वरच्या टोकाला मी गाडी लावली. तो शेजारी बसायला आला नाही. खालच्या अंगाला चालत गेला, ते जोडे फटक फटक आपटत, आणि गल्लीच्या बरोबर मधे उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून. खिशातून खर्ऱ्याची प्लॅस्टिकची पन्नी काढून दोन तळहातांत घोटायला लागला.

मी काच खाली करून ओरडलो, "बाजूला हो ना बे!"

"तू ये."

मी आलो. गाडी सुटली, उतारावर जोर धरला, आणि त्याची मळकी पाठ मोठी होत गेली. मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली वाकलं आणि ती थांबली. त्याच्यापासून चांगले तीन-चार हात अलीकडे.  तो हळूच वळला, जोड्यांनी ते अंतर मोजत बॉनेटपर्यंत आला आणि खर्रा तोंडात टाकला.

"एवढ्या लांब कायले थांबला? ब्रेक घाबरला नाई, तुहा पाय घाबरला. चाल, वर घे. आखीन एक बार."

मी गाडी मागे घेतली. डिसेंबरात त्याला छातीचा झटका आला आणि तो गेला. त्याआधी माझं पुन्हा गॅरेजकडे जाणं झालं नाही, ब्रेक इतके चांगले होते. म्हणून माझ्यासाठी उकंडराव म्हणजे काचेतून दिसलेला तो. गल्लीच्या मधोमध, पहिल्यापेक्षा दोन पावलं वर येऊन, पुन्हा माझ्याकडे पाठ फिरवून उभा.